बिनहाताचा गरुड

"हा असा जन्मूच शकत नाही," मी म्हणालो आणि घावनाचा तुकडा चटणीत बुडवला.

समोरच्या भिंतीवर गरुडाचा मोठा रंगीत फोटो होता. डोक्यावर मुकुट, नाकावर पुठ्ठ्याची चोच, पाठीवर सोनेरी पंख आणि छातीशी जोडलेले दोन हात. फोटोतला गरुड त्या क्षणी माझ्यासमोरच बाकड्यावर बसला होता. आत्माराम धुरी, धुरी दशावतार मंडळाचे मालक, वय साठीच्या अलीकडे. शिवाय ते वृंदाचे वडील होते आणि मी त्या दिवशी वृंदासाठी मागणी घालायला आलो होतो.

"कित्याक नाय?" त्यांनी विचारलं.

शहाण्या माणसाने इथे आंब्याच्या मोहोराची चौकशी केली असती. पण मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि माझा खास विषय भ्रूणशास्त्र होता. अंड्यात किंवा पोटात जीव कसा कसा घडत जातो, ते शास्त्र. या विषयाने मला एक खोड लावली होती. देवळात लोक देवाला हात जोडायचे तेव्हा मी खांबांवरचे प्राणी तपासायचो, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासावेत तसे. आठ पायांचा शरभ नापास. पंखांचा घोडा नापास. दोन डोक्यांचा गंडभेरुंड मात्र पास, कारण अंड्यात सुरुवातीला जी एक रेघ उमटते ती वरच्या टोकाला दुभंगली की दोन डोक्यांचं पिल्लू खरोखर निघतं.

"काका, ज्याला पाठीचा कणा आहे त्या प्राण्याला चारच अवयव फुटतात," मी म्हणालो. "भ्रूणाच्या अंगावर चार कोंब येतात. दोन पुढे, दोन मागे. मागच्यांचे पाय होतात. पुढच्यांचे आपल्यात हात झाले, पाखरात पंख झाले. म्हणजे ज्याला पंख त्याला हात नाहीत. एकाच कोंबातून दोन वस्तू कशा निघणार?"

"म्हणजे आमचो गरुड चुकीचो?"

"शास्त्राच्या दृष्टीने, हो."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वृंदा माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. मला वाटलं, तिला कौतुक वाटतंय. ती आमच्याच कॉलेजात ग्रंथपाल होती आणि दोन वर्षं माझं हे सगळं हसून ऐकत आली होती. तिच्या आईने, शेवंताकाकींनी, दुसरं घावन वाढायला आणलं होतं ते तसंच परत नेलं.

"चाळीस वर्सा मी चुकीचो गरुड करतंय," आत्मारामकाका स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि नरसिंव्ह?"

"अवघड आहे."

"मकर?"

"नापास."

"गणपती?"

वृंदाच्या हातातलं भांडं खाली पडलं. पण मी शास्त्रज्ञ होतो, वेडा नव्हतो. "गणपतीचं मस्तक जन्मानंतर बसवलंय," मी म्हणालो. "ते शस्त्रक्रियेचं खातं. माझ्याकडे येत नाही."

काका बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "बरा. पुढच्या म्हयन्यात तालुक्याक महोत्सव आसा. दुपारचो खेळ आमचो. गरुडान अमृत हाडलेला ता आख्यान लावतंय. प्रोफेसर, तुमच्या शास्त्रापरमाण गरुड करूया. पयलो नंबर इलो तर लग्नाची तारीख काढूया. नाय इलो तर तुमी आपल्या घाटार जावा."

मी कराडकडचा. घाटावरचा जावई ही काकांच्या दृष्टीने आधीच एक अडचण होती, पण ती आता सुटली असं मला वाटलं. मी आनंदाने पाण्याचा पेला एका दमात संपवला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात वृंदा माझ्याशी बोलेना. पुस्तकावर शिक्का मारताना तिने तो असा मारला की टेबल हललं.

"अगं, ते तयार झाले," मी म्हणालो.

"तेच तर. बाबा जन्मात कुणाचं ऐकत नाहीत. आईचं नाही, माझं नाही, डॉक्टरचं नाही. तुमचं पहिल्या भेटीत ऐकलं. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"शास्त्र पटलं असेल त्यांना."

"बसा मग शास्त्र घेऊन," ती म्हणाली आणि पुढच्या पुस्तकावर शिक्का मारला.

शास्त्र अधिक पटावं म्हणून मी काकांना प्रयोगशाळेत बोलावलं. ते धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून आले. मी चार दिवस उबवलेलं कोंबडीचं अंडं घेतलं, कवचाला खिडकीसारखं छोटं भोक पाडलं आणि त्यांना भिंगातून बघायला सांगितलं. आत लाल शिरांच्या जाळ्यात इवलासा स्वल्पविराम पडलेला होता. डोकं भलं मोठं, त्यात टपोरा काळा डोळा, आणि मधोमध काळीज टकटक उडत होतं. बाजूला चार बारीक फुगवटे.

"हे पुढचे दोन. यांचे पंख होणार," मी पेन्सिलीने दाखवलं.

काकांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "आणि फाटचा अंग इतक्या बारीक कसा?"

"जीव डोक्याकडून घडत येतो. धड नंतर, मागचा भाग सगळ्यात शेवटी."

काका ताठ झाले. "अरुणाक पाय कित्याक नाय, म्हायत आसा?"

मला माहीत नव्हतं. सूर्याचा सारथी अरुण एवढंच शाळेत शिकलो होतो.

"गरुडाचो थोरलो भाव तो," काका म्हणाले. "तेंच्या आवशीन, विनतेन दोन अंडी घातल्यान. सवतीची पोरा भायर इली, हिची अंडी काय फुटनत. तिका धीर धरवलो नाय. एक अंडा हातान फोडल्यान. आत अरुण, कमरेपर्यंत पुरो, खाली काय नाय. तो आवशीक म्हणालो, तू घाई केलंस, आता सवतीची दासी हो. दुसऱ्या अंड्याक हात लावू नको. ता आपणहून फुटात तेव्हा तुका सोडवणारो भायर येतलो."

मी खुर्चीवर बसलो. वेळेआधी फोडलेलं अंडं, वरचा अर्धा पुरा आणि खालचा अर्धा नाही. हे तर पहिल्या धड्यात मी मुलांना शिकवत होतो. ही कथा ज्याने रचली त्याने कधीतरी माझ्यासारखंच अंड्याला भोक पाडून बघितलं असणार, याबद्दल मला शंका उरली नाही. अरुणाला मी जागच्या जागी पैकीच्या पैकी मार्क दिले.

"मगे ह्या पोराचा काय होतला आता?" काकांनी अंड्याकडे बोट केलं.

मी भिंग पुसायला घेतलं. काकांनी अंड्याला नमस्कार केला आणि ते निघून गेले.

पंख काकांच्या घरीच बनले. कामट्यांचा सांगाडा, वर कापड, त्यावर सोनेरी बेगडाची पिसं. शिवणकाम वृंदाचं आणि काकींचं, देखरेख माझी. जुने पंख पाठीवर बांधायचे होते, हे नवे दोन्ही हात आत घालून खांद्यापासून बोटांपर्यंत कसून बांधायचे होते. मी काकांच्या दंडावर खडूने खुणा केल्या. इथे कोपर, इथे मनगट, इथे बोटांची तीन हाडं. काका पुतळ्यासारखे उभे राहिले आणि मधूनच माझ्याकडे बघत राहिले.

एक गोष्ट मला तेव्हा नीट उमगली नव्हती. दशावतारात लिहिलेली संहिता नसते आणि तालीमही नसते. खेळाआधी मालक सगळ्यांना गोळा करून आख्यान सांगतात, कोण कुठून येणार आणि काय घडणार तेवढं ठरतं. बोलायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या, समोरच्याचं ऐकून. त्यामुळे नव्या पंखांनिशी गरुड काय करील, हे महोत्सवाच्या दिवसापर्यंत कुणीच बघितलं नव्हतं.

दुपारी सभागृह खचाखच भरलं होतं. पुढच्या रांगेत तीन परीक्षक वह्या उघडून बसले होते. मी पडद्यामागे पेटीवाल्याच्या शेजारी जागा धरली. गरुड रंगमंचावर आला, त्याने दोन्ही बाहू पसरले, आणि सोनेरी पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला पंगतीत बसलेले कराडचे पाहुणेसुद्धा दिसायला लागले.

इंद्राच्या भूमिकेत तातू मेस्त्री होता, मंडळातला सगळ्यात हजरजबाबी नट. युद्ध झालं. पंखाच्या एका फटक्यात इंद्राचा मुकुट उडून परीक्षकांच्या पायाशी गेला. इंद्र हरला. आता रंगमंचावर राहिलं बाकडं, बाकड्यावर झेंडूची माळ घातलेली शेवंताकाकींची पितळी कळशी, म्हणजे अमृतकुंभ, आणि समोर गरुड.

गरुडाने एक पाऊल पुढे टाकलं. कळशीकडे बघितलं. मग आपल्या उजव्या पंखाकडे बघितलं, मग डाव्या.

कळशी उचलायला हात लागतात, हे माझ्या इतक्या दिवसांच्या शास्त्रात एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"चोचीन उचल मां!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. गरुडाने वाकून प्रयत्न केला. पुठ्ठ्याची चोच कळशीच्या काठावर दुमडली आणि गालावर जाऊन बसली. सभागृह हसायला लागलं. खरा गरुड पायाच्या नख्यांनी उचलतो, पण आमचा गरुड त्या पायांवर उभा होता. परीक्षकांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिलं. मला ती माझं लग्न मोडल्याची नोंद वाटली.

गरुड सरळ झाला. त्याचा आवाज घुमला.

"हे देवराज! मातेच्या दास्यमुक्तीसाठी तिन्ही लोक पालथे घालून मी इथवर आलो. अमृत समोर आहे. आणि विधात्याने मला हातच दिले नाहीत. हा दोष कोणाचा?"

तातू मेस्त्री क्षणभरही थांबला नाही. "हे पक्षिराज, हे मज न पुसता, अंड्यात असताना तुज ज्याने घडवले त्यास पूस."

"कोठे आहे तो? त्यास माझ्यासमोर उभा करा."

इंद्र तरातरा पडद्यामागे आला आणि त्याने माझा दंड धरला. मी पेटी धरली. पेटीवाल्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. कुणीतरी माझ्या शर्टवर जरीचा शेला टाकला, आणि पुढच्या क्षणी मी टेरिकॉटच्या पँटमध्ये स्वर्गात उभा होतो.

"तू कोण?" गरुडाने विचारलं.

"मी..." मी शेला सावरला. "मी ब्रह्मदेवाच्या कचेरीत असतो. अंडी खात्याला."

सभागृह हसून कोसळलं. त्या हसण्याने मला थोडा धीर आला. वर्गात मला कुणी कधी हसत नसे.

"मग सांग, माझे हात कुठे गेले?"

हे मला येत होतं. "पृष्ठवंशीय प्राण्यांमध्ये," मी सुरू केलं, "भ्रूणावस्थेच्या प्रारंभी पार्श्वभागी अवयवांचे कोंब दिसू लागतात. या कोंबांची संख्या..." हसू विरलं. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेतलं एक मूल मोठ्याने म्हणालं की त्याला घरी जायचंय. मी पुढच्या कोंबांवरून मागच्या कोंबांवर आलो.

"थांब," गरुड म्हणाला. "तू कोणाला सांगतो आहेस हे? माझी आई सवतीच्या दारात भांडी घासते आहे. मी रिकामा परत गेलो तर तिला काय सांगू?"

पुस्तकातली सगळी पानं मी मनातल्या मनात उलटली आणि ती सगळी कोरी निघाली. गरुड वाट बघत उभा राहिला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, मग तोही थकला आणि थांबला. इंद्र परीक्षकांनी परत दिलेला मुकुट उगाच पुसत बसला. तरी गरुड काही बोलला नाही आणि हलला नाही.

बघायला दुसरं काही उरलं नाही म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. रंग घामाने ओघळला होता. दुमडलेली चोच कानाशी लोंबत होती. आणि त्या सगळ्याच्या मागे एक म्हातारा माणूस, पसरून पसरून दुखायला आलेले बाहू तसेच पसरून, माझ्या उत्तराची वाट बघत होता. त्याचं चाळीस वर्षांचं नाव त्या दुपारी पणाला लागलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"आईला सांगा," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला नवा वाटला, "की हात होते. तुमच्या पंखांच्या आत अजूनही आहेत. कोपर आहे, मनगट आहे, टोकाला बोटं आहेत. मी मोजलीत. अंड्यात तुम्हाला कुणी हात कमी दिले नाहीत, तुम्हीच त्यांचं आभाळ करून घेतलंत. कारण इथवर चालत येता येत नव्हतं."

मागच्या रांगेतलं ते मूल खुर्चीवर उभं राहून बघू लागलं.

"आणि हा कुंभ?" गरुडाने हळूच विचारलं. "तो कोण उचलणार?"

"मी उचलतो. चूक आमच्या खात्याची आहे." मी कळशी उचलली. ती जड निघाली, कारण खरं वाटावं म्हणून तातूने ती गळ्यापर्यंत पाण्याने भरली होती. "पण मला हात असून उपयोग नाही. मला उडता येत नाही."

गरुडाच्या ओघळलेल्या रंगात हसू उमटलं. "मग आजपासून मी तुझं वाहन," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला.

मी तसाच उभा राहिलो. होणाऱ्या सासऱ्याच्या पाठीवर चढून बसावं की नाही, याबद्दल मला घरी कुणी काही शिकवलं नव्हतं.

"चढ रे मेल्या," गरुड दातांतून पुटपुटला. "लोका बगतत."

मी चढलो. एका हातात कळशी, एका हाताने गरुडाचा गळा. मृदंग दणाणला, गरुड उठला, पायऱ्या उतरला आणि प्रेक्षकांमधल्या वाटेने पळत सुटला. बाया उठून नमस्कार करत होत्या, तो कळशीला की मला कळत नव्हतं. अर्ध्या वाटेत कळशी डचमळली, पाणी गरुडाच्या मानेवर सांडलं, माझी पकड सुटली आणि मी एका कुशीवर घसरू लागलो.

तेवढ्यात पंखाच्या खालच्या शिवणीतून एक हात बाहेर आला. त्याने माझी मांडी घट्ट धरली आणि मला वर ढकललं.

"काका," मी त्यांच्या कानात म्हणालो, "तुम्हाला हात आहे."

"गप रव. खेळ संपाक नाय अजून."

संध्याकाळी निकाल लागला. पहिला क्रमांक दुसऱ्याच मंडळाला गेला. आम्हाला दुसरा. परीक्षकांचा शेरा वाचून दाखवण्यात आला, "खेळ रंगतदार. परंतु अमृतहरणाच्या प्रसंगी गरुड विनाकारण बराच वेळ स्तब्ध उभा राहिल्याने गुण कापण्यात आले आहेत."

मी रंगपटात गेलो. काका खोबरेल तेलाने तोंडाचा रंग काढत होते. पंख भिंतीला टेकून ठेवले होते. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मी उद्या राजीनामा देतो आणि गावी जातो."

"कित्याक?"

"पहिला नंबर आला नाही."

"नंबर परीक्षकांचो," काका म्हणाले. "वृंदा चेडू माझा." त्यांनी तोंड पुसलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. "पयल्या दिवशी तू माझ्या घराक इलंस, घावना खाल्लंस, आणि सगळा बोललंस ता माझ्या फोटोकडे बगून. माझ्याकडे एकदाव बगूक नाय. आमच्यात लिवलेला काय नसता, हणमंता. समोरचो काय म्हणता ता आयकूचा लागता. संसारातव तसाच. आज बगलंस माझ्याकडे. उशिरा बगलंस, पण बगलंस."

ते मला पहिल्यांदाच नावाने हाक मारत होते. मी खाली वाकलो आणि त्यांच्या पायांना हात लावला. बोटांना सोनेरी बेगड चिकटली.

लग्न झालं. कराडचे पाहुणे आले आणि सोलकढीला ताक समजून तीनतीन वाट्या प्यायले. पंख अजून आमच्या घरी माळ्यावर आहेत. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले त्या वर्षी वृंदा आणि मी ते पंख झटकायला खाली काढले होते, तेव्हा काकांचा हात जिथून बाहेर आला होता ती चीर पुन्हा माझ्या नजरेला पडली. बारीक टाके घालून काठ नीट दुमडलेले होते आणि आतला बंद ओढताच सुटणारा होता. ऐन वेळी फाटलेली शिवण नव्हती ती.

"ही तुझी?" मी विचारलं.

"माझी," वृंदा म्हणाली. "बाबा तुम्हाला रंगमंचावर ओढणार हे मला ठाऊक होतं. तुम्हाला बोलता येईल याची खात्री नव्हती. म्हटलं, हे गप्प बसले तर बाबांनी हात काढावा, कळशी उचलावी आणि चालू लागावं. खेळ तरी वाचेल, पहिला नंबर तरी येईल."

मला ती दुपार आठवली. थांबलेली पेटी, मुकुट पुसणारा तातू, वहीत लिहिणारे परीक्षक आणि पंख पसरून उभा असलेला तो घामेजलेला माणूस.

"पण मी गप्पच बसलो होतो," मी म्हणालो. "किती तरी वेळ. मग त्यांनी हात का नाही काढला?"

"मीसुद्धा त्याच रात्री विचारलं त्यांना," वृंदा पंखावरची धूळ पुसत म्हणाली. "तर म्हणाले, अंडा भायरसून फोडला आसता, तर अर्धोच भायर इलो आसतो."